पूर्ण फेड

११ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझ्या आईचा निळा स्वेटर आपण दोघींनी उसवला, ती दुपार तुला आठवते का गं? तू स्टुलावर बसली होतीस, दोन्ही हात पुढे करून, पोलिसाने धरून आणल्यासारखी. मी लोकर ओढत होते आणि तुझ्या हातांभोवती गुंडाळत होते. मध्येच तुझं नाक खाजायला लागलं. "माऊ, नाक!" म्हणून ओरडलीस. मी म्हटलं, हात सोडलेस तर गुंता होईल. मग मीच खाजवलं, तर म्हणे, "तिथे नाही, वर. नाही, आत!" तुझी आई, माझी ताई, आतल्या खोलीतून म्हणाली, "आतलं तुझं तूच बघ गं बाई." त्यानंतर आपण तिघी किती वेळ हसत होतो.

काल कपाट आवरताना त्या लोकरीचा गुंडा सापडला. धुऊन, वजन लावून वाळत घातली होती, तरी वळ्या काही पूर्ण गेलेल्या नाहीत.

तुला फोन करून थकले. एक बाई गोड आवाजात सांगते की हा क्रमांक अस्तित्वात नाही. शेवटी तुझ्या जुन्या घरमालकिणीला गाठून पत्ता मिळवला. ती म्हणाली, मुलगी गुणी होती, पण दार वाजलं की दिवा मालवून बसायची.

बँकेचा वसुलीवाला माझ्याकडे येऊन गेला. दारात उभा राहून मोठमोठ्याने बोलत होता. मी म्हटलं, "आत या, बसा आणि हळू बोला. मला नीट ऐकू येतं, आणि शेजारणीला तुम्ही न ओरडताही येतं." बसला बिचारा. पाणी प्यायला. तुझं शिक्षणाचं कर्ज थकलंय, आणि मी जामीनदार आहे, हे त्याने मला नव्याने सांगितलं. मी विसरले नव्हते. सही माझीच आहे. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी घोटवून घेतलेलं अक्षर, नाही कसं म्हणणार?

मला रागवायचं नाही. फक्त काय झालं ते एकदा नीट सांग. फोन नको असेल तर पत्र लिही. मलाही हल्ली फोनवर बोलणं नकोसंच वाटतं.

तुझी
माऊ

—

२ मार्च

प्रिय माऊ,

पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि आधी वाटलं, शाळेतून तक्रार आली.

सांगते. दातांची डॉक्टर व्हायला कर्ज काढलं, ते तुला माहीत आहे. तिसऱ्या वर्षी आई आजारी पडली आणि मी कॉलेज सोडून तिच्याजवळ आले. वाटलं होतं, ती बरी झाली की परत जाईन. ती बरी झाली नाही, आणि परत जायला पुढच्या वर्षाची फी बँक देईना. पदवी नाही, नोकरी नाही, हप्ते मात्र सुरू. पहिला हप्ता चुकला तेव्हा म्हटलं, पुढच्या महिन्यात दोन भरू. पुढच्या महिन्यात म्हटलं, तीन भरू. माणूस असा स्वतःला फसवत जातो.

मग फोन सुरू झाले. आई गेली त्या दिवशीही वाजला. मी घेतला, वाटलं कोणी सांत्वनासाठी केला असेल. तो माणूस म्हणाला, "मॅडम, आज काहीतरी भरा." त्या दिवसापासून फोन वाजला की मी तो उशीखाली दाबून ठेवायचे. नंबर बदलला. तुलाही दिला नाही, कारण तुला दिला असता तर तू केला असतास, आणि तो वाजला असता.

आता मी एका दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, त्यावरून आम्ही दात आणि कवळ्या बनवतो. दात बसवायला शिकायला गेले होते, दात घडवायला बसले आहे. लॅबच्या मालकाला सगळे कवळीकाका म्हणतात. त्याच्या तोंडात मात्र अजून स्वतःचे सगळे दात आहेत आणि तो ते येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो.

मी परत हप्ते भरायला लागले आहे. मागची थकबाकी थोडी थोडी भरून काढते आहे. शिवाय छोटीशी ठेव ठेवून एक क्रेडिट कार्ड मिळवलंय. त्यावर दर महिन्याला फक्त साबण आणि बसचा पास घ्यायचा आणि बिल आलं की त्याच दिवशी भरायचं. खिशात पैसे असताना उधार घ्यायचं, मग फेडायचं, पुन्हा घ्यायचं. असं बरेच महिने केलं की क्रेडिट स्कोअर वर सरकतो. पूर्वी ज्याला पत म्हणायचे ती हीच, फक्त आता ती मशीन ठरवतं.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. कवळीकाका वर्षाअखेर लॅब विकून लेकीकडे राहायला जाणार आहे. त्याची दात भाजायची भट्टी, टेबलं, गिऱ्हाइकं, सगळं मला द्यायची त्याची इच्छा आहे. पण त्याला पैसे एकरकमी हवेत, म्हणजे मला बँकेचं कर्ज लागणार, म्हणजे जुनं कर्ज स्वच्छ दिसायला हवं. माऊ, मला डॉक्टर होता आलं नाही, पण ही भट्टी माझी झाली तर मी स्वतःला माफ करीन.

तू कशी आहेस?

भिंगरी

—

१९ मार्च

चि. भिंगरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

उधारीवर साबण आणणारी घरातली पहिली बाई तू. आमच्या वेळी उधारी म्हणजे अब्रूला डाग. तुमच्या वेळी उधारी केली नाही तर डाग. चालायचंच. पण ताईची पोर आयुष्याची तरुण वर्षं एकेका हप्त्याने धुते आहे, हे मला बघवत नाही.

मी ठणठणीत आहे. शाळेत शिवण शिकवायचे, निवृत्त झाले तरी ते सुटलेलं नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीण तिच्याकडचं नाजूक काम माझ्याकडे पाठवते आणि पैसे देताना रोज म्हणते, "बाई, तुमची टीप बघून माझ्या मशीनला लाज वाटते." मी एकटीपुरतं रांधते. हल्ली मऊच खावंसं वाटतं, पाव दुधात भिजवला की काम झालं. एका कामासाठी थोडे पैसे बाजूला टाकले आहेत, पण ते काम काही पळून जात नाही.

वसुलीवाला परत आला होता. या वेळी त्याने स्वतःहून चप्पल काढली. काही योजना आहे म्हणाला. बघते.

माऊ

—

८ एप्रिल

प्रिय माऊ,

बातमी! स्कोअर वर सरकला. थोडासाच, पण वर. बँकेतल्या बाईने पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं. म्हणाली, याच चालीने राहिलात आणि जुनं खातं पूर्ण फेडलंत, तर वर्षाअखेर अर्ज करा. मी लॅबमध्ये येऊन सांगितलं तर कवळीकाका म्हणाला, "मग आतापासूनच भट्टीशी जरा गोड बोलत जा. ती माझ्यावर रुसलेली आहे, तुझं ऐकेल."

तो एक गंमत करतो. एखाद्याचे समोरचे दात बनवायचे असले की त्याचा जुना फोटो मागतो, हसतानाचा. म्हणतो, साचा जबडा दाखवतो, माणूस फोटोत असतो. काल एका आजोबांनी लग्नातला फोटो आणला, त्यात ते हसतच नव्हते. काका म्हणाला, "आता यांना कोणते दात देऊ? रडके?"

त्यावरून आठवलं, माझ्याकडे तुझा एकही फोटो नाही. एक पाठव ना, अलीकडचा, हसतानाचा. टेबलासमोर लावीन.

आणि ते बाजूला टाकलेले पैसे कसले? कुठे फिरायला जाणार आहेस का? जा. तू कधीच कुठे गेली नाहीस.

भिंगरी

—

३० एप्रिल

चि. भिंगरी,

खुर्चीत बसून वाच. तुझं कर्ज संपलं!

तुला आठवतं, कापडाच्या दुकानात मी भाव करायचे तेव्हा ताई लाजेने रस्त्यावर जाऊन उभी राहायची? आणि तू माझा पदर धरून बघत असायचीस. किंमत ऐकायची, निम्मी सांगायची, पिशवी उचलायची आणि चालू लागायचं. मागे वळायचं नाही. पायरी उतरायच्या आत हाक येतेच.

तसंच केलं. वसुलीवाल्याबरोबर बँकेत गेले. साहेब म्हणाला, जुन्या थकलेल्या खात्यांसाठी योजना आहे, एकरकमी भरलंत तर काही सूट देऊ. सूट किती? त्याने आकडा सांगितला. मी म्हटलं, "अहो, एवढ्यात तर मी तुमची बँक घेईन." त्याने वाढवली. मी पिशवी उचलली. जिन्यापर्यंत पोचले, तेव्हा वसुलीवाला मागून धावत आला, "बाई, बाई, साहेब बोलावतायत." माझं वय विसरून मी मनात एक उडी मारली.

निम्म्याहून थोड्याच जास्त पैशांत मिटवलं. सही शिक्क्याचा कागद मिळाला. वसुलीवाला मला रिक्षात बसवून द्यायला आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्यासारखे जामीनदार असते तर आमची नोकरी गेली असती."

माझे बाजूला टाकलेले पैसे होते ना, ते कामी आले. फिरायला मला कुठे जायचंय? आता तू भट्टीशी गोड बोल.

फोटो शोधते. मिळत नाहीये.

माऊ

—

१४ मे

माऊ,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

तू तडजोड केलीस. तडजोड म्हणजे फेड नाही. बँकेने राहिलेले पैसे सोडून दिले, पण माझ्या नावापुढे तसं लिहून ठेवलं, की हिने पूर्ण दिले नाहीत, आम्ही घेतलं तेवढ्यावर भागवलं. ही नोंद कैक वर्षं राहते. मी आज बँकेत गेले. त्याच बाईने पडद्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. स्कोअर घसरलाय. मी हप्ते चुकवत होते तेव्हा होता, त्याच्या जवळपास. म्हणाली, "चांगलं चाललं होतं हो तुमचं. हे का केलंत?"

मी काय सांगू? मावशीने भाव केला म्हणून?

तुला एका ओळीत विचारता आलं असतं. मी फोन घेत नाही हे खरं, पण पत्र तर घेत होते.

मी चिडून लिहिते आहे, ते मला दिसतंय. पण तू माझ्यासाठी पैसे भरलेस म्हणून तुझ्यावर चिडताही येत नाही, हे त्याहून वाईट आहे. काकाला अजून सांगितलेलं नाही.

भिंगरी

—

२३ जून

प्रिय माऊ,

महिना उलटून गेला तरी तुझं पत्र आलं नाही. पाकीट येईल म्हणून मी रोज जिन्यात थांबत होते. शेवटी परवा काकाच्या टेबलावरचा फोन उचलला आणि तुझा नंबर फिरवला. इतक्या वर्षांनी मी कोणालातरी स्वतःहून फोन करत होते. तळहाताला साच्याचं प्लास्टर चिकटलं होतं, फोन निसटत होता. काका बाजूला उभा राहून म्हणाला, "तो फोन आहे, साप नाही. धर नीट."

तू उचललास. म्हणालीस, "सगळं माझ्यामुळे विसकटलं, सोनू." तुला वाटलं असेल, मी रागाने गप्प राहिले. मी रागाने गप्प नव्हते. मी ऐकत होते.

माऊ, माझं कामच ते आहे. "सगळं" म्हणताना हवा निसटली. "विसकटलं" म्हणताना पुन्हा. "सोनू" म्हणताना शीळ वाजली. वरचे समोरचे दात नसले की "स" असा होतो. किती पडलेत? दोन? चार? आणि कधीपासून?

रात्री तुझी सगळी पत्रं काढून बसले. मऊच खावंसं वाटतं. दुधात भिजवलेला पाव. फोनवर बोलणं नकोसं. फोटो मिळत नाही. एका कामासाठी बाजूला टाकलेले पैसे, आणि मी मूर्ख, फिरायला जा म्हणाले. तुझे दात तू माझ्या कर्जात घातलेस.

मी दिवसभर परक्यांचे दात बनवते, माऊ.

आता ऐक, आणि या वेळी भाव करायचा नाही. माझी खोली लहान आहे पण दोन पलंग मावतात, मी मोजलंय. खिडकीजवळचा तुझा. तू इकडे ये. एक भाडं वाचेल आणि मला जेवायला कोणीतरी हाक मारेल.

भिंगरी

—

७ जुलै

चि. भिंगरी,

चार. वरचे समोरचे. एक गेला तो पावाच्या कडेवर, बाकीच्यांनी त्याच्यामागे रांग लावली. शाळेत असताना सिस्टर म्हणायच्या, हसताना तोंडावर हात ठेवा, चांगल्या मुलींचं ते लक्षण. तेव्हा मी कधी ठेवला नाही, दोन वर्षांपासून ठेवते आहे. लोकांना वाटतं, म्हातारपणी बाई फार शालीन झाली.

पत्र लिहीत नव्हते, कारण काय लिहू ते कळेना. मला वाटत होतं, कमी पैशांत सोडवलं म्हणजे जास्त चांगलं सोडवलं. जन्मभर तेच करत आले. उरलेलं कापडही फुकट मागून आणायचे.

तू ये म्हणालीस. येते. पण माझीही एक अट आहे, आणि त्यातून कमी होणार नाही. हे घर सोडलं की घरमालक माझी अनामत परत देईल. कालच बँकेत जाऊन आले. साहेबाला म्हटलं, उरलेली रक्कम किती? सूट दिलेली सगळी, पैशापैशापर्यंत, आणि ती भरली तर नोंद बदलून पूर्ण फेड असं लिहाल का? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "बाई, सोडलेले पैसे परत द्यायला आजवर कोणी आलं नाही." होय म्हणाला. मी ते लिहून घेतलं. आणि त्याने जी रक्कम सांगितली ती ऐकून पिशवी उचलली नाही. आयुष्यात एकदा तरी सांगितलेली किंमत मोजते.

नाही म्हणू नकोस. तुझी खोली आणि माझी अनामत, असा सौदा आहे. दोघींचं पारडं सारखं.

माऊ

—

२ ऑगस्ट

प्रिय माऊ,

सौदा मान्य. भांडायला ताकद उरलेली नाही, आणि तू जिन्याकडे चालू लागलीस तर मी हाक मारीनच, हे तुला माहीत आहे.

बँकेचं पत्र मिळालं. पूर्ण फेड. तेच दोन शब्द, साध्या कागदावर. बँकेतल्या बाईने सांगितलं, नोंद बदलून स्कोअर वर यायला वेळ लागेल, या वर्षी कर्ज काही मिळायचं नाही. पुढच्या वर्षाचंही ती नक्की सांगेना. मी बरं म्हटलं. घरी येताना साबण घेतला, कार्डावर.

काकाला सगळं सांगितलं. तो थांबला असता गं, पण लेकीला बाळ होणार आहे. भट्टी गेल्या आठवड्यात विकली. नव्या मालकाने भट्टीसोबत मलाही घेतलं. काकाने त्याला बजावलं, "भट्टी हिच्याशिवाय तापत नाही." खोटं आहे, पण पगार थोडा वाढला. भट्टीवरचं फडकं मी उचलून घरी आणलं. कशाला, ते विचारू नकोस.

जाण्याआधी काकाला एक शेवटचं काम हाताने करायचंय. तुझे दात. साचा मी घेईन, मेणात रचून तो देईल. पैशांचं विचारलं तर त्याने स्वतःचे सगळे दात दाखवले. फक्त एक गोष्ट मागितली आहे. फोटो. आता मिळत नाही म्हणू नकोस.

कधी येतेस?

भिंगरी

—

१६ ऑगस्ट

चि. भिंगरी,

सोमवारच्या बसने येते. घर जवळजवळ रिकामं झालंय, बोललं की आवाज घुमतो, त्यात माझी शीळ. काल एकटीच हसत बसले होते.

सामान फार आणत नाही. काय कोणाला द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे मी दमून विसरले तरी तू बघशील.

शिवणयंत्र शिंपिणीला. तिला सांगितलंय, पायडल जरा डावीकडून दाबायचं. ती रडली, मग लगेच म्हणाली, "तेलाची कुपी पण द्याल ना?"

शाळेच्या ग्रंथालयाला माझी पुस्तकं. त्यांतली दोन तिथूनच आणलेली आहेत, परत करायची राहिली होती. ती वर ठेवायची, लपवून नाही.

कुंड्या शेजारणीला. ऐकायला आता काही उरणार नाही, तर निदान बघायला असावं.

मोठी कात्री वसुलीवाल्याच्या बायकोला, ती शिवण शिकते आहे. सामान खाली न्यायला तो येणार आहे.

निळी लोकर तुझी. मी विणीन, हात तू धरायचे. नाक खाजलं तर आधी सांग.

आणि फोटो कवळीकाकांच्या हातात द्यायचा, पाकीट न चुरगळता. एकच आहे. मी आणि ताई बाकावर बसलो आहोत, कशाला हसत होतो ते आता आठवत नाही. मी उजवीकडची. त्यांना सांग, नीट बघा, माझा समोरचा एक दात जरासा ताईच्या बाजूला कललेला आहे. तो सरळ करू नका.

तुझी
माऊ